डिसोझांचा अपॉस्ट्रॉफी आणि इतर घातपाती चिन्हं

स्वीडनमध्ये मतदाराला छापील मतपत्रिका नको असेल, तर कोऱ्या चिठ्ठीवर आपल्या आवडत्या पक्षाचं नाव हातानं लिहिता येतं. २०१० च्या सार्वत्रिक निवडणुकीत हाल्मस्टाडमधल्या एका मतदारानं या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला. पक्षाच्या नावाच्या जागी त्यानं डेटाबेसला एक आज्ञा लिहिली : अमुक टेबल (माहितीचा तक्ता) उडवून टाक. मतमोजणीत ती चिठ्ठी इमानेइतबारे नोंदवली गेली आणि अधिकृत निकालाच्या यादीत बाकीच्या हौशी पक्षांच्या शेजारी झळकलीसुद्धा. मिळालेली मतं : एक.

टेबल जागच्या जागी राहिलं, ही स्वीडिश कारभाराची कमाई.

वेबसाइटवर जिथे रिकामी चौकट असते आणि खाली 'सबमिट'चं बटण, तिथे रोज हीच निवडणूक चालू असते. आलेला मजकूर अपेक्षित साच्यातला आहे का हे बघणं म्हणजे पडताळणी. त्यातलं घातक वाटेल तेवढं काढून टाकणं म्हणजे साफसफाई. दोन्ही शब्द ऐकायला अगदी सात्त्विक. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या जोडीनं जे उद्योग केले, त्यांत चोर थोडे आणि सज्जन फार सापडले, असं माझं स्पष्ट मत आहे. पुरावे भरपूर आहेत.

डिसोझांनी काय घोडं मारलंय?

वसई, गोवा, मंगळूर या पट्ट्यातले कितीतरी डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा आपलं आडनाव इंग्रजीत लिहिताना 'डी'नंतर वरच्या बाजूला एक छोटं चिन्ह देतात, अपॉस्ट्रॉफी. आयर्लंडच्या ओब्रायन आणि ओनील मंडळींचंही तेच. आता डेटाबेसशी बोलायची जी भाषा आहे, एसक्यूएल, तिच्यात मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे सांगायला नेमकं हेच चिन्ह वापरतात. डिसोझांनी नाव भरलं, की डेटाबेस समजतो, नाव 'डी' एवढंच होतं आणि ते संपलं. पुढचं 'सोझा' ही आज्ञा असणार. अशी आज्ञा त्यानं कधी ऐकलेली नसते, त्यामुळे तो गडबडतो, आणि स्क्रीनवर बोल लागतो तो डिसोझांना : कृपया वैध नाव भरा.

'सोझा'च्या जागी ज्याला खरीखुरी आज्ञा लिहिता येते, तो चोर. सभेत सूत्रसंचालकाच्या हातात कुणी चिठ्ठी सरकवावी, 'पुढचे सत्कारमूर्ती श्री. पाटील. आता माइक बंद करून घरी जा', आणि त्यानं पाटलांचं नाव पुकारून खरोखरच माइक बंद करून चालू पडावं, तसा हा प्रकार. त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. जेफ फोरिस्टल या संशोधकानं 'रेन फॉरेस्ट पपी' या टोपणनावानं डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकात ही युक्ती जाहीरपणे मांडली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या १ लाख ५६ हजार ९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेनं गेली आणि कंपनीला चार लाख पौंडांचा दंड बसला. या प्रकरणात गुन्हा कबूल करणाऱ्यांपैकी एक जण सतरा वर्षांचा होता. म्हणजे चोरी झाली तेव्हा युक्ती आणि चोर साधारण एकाच वयाचे.

यावर पीएचपी या भाषेनं 'मॅजिक क्वोट्स' नावाचा उतारा काढला होता. आत येणाऱ्या प्रत्येक अपॉस्ट्रॉफीच्या आधी आपोआप एक उलटी तिरपी रेघ मारायची. रेघ दिसली की ते चिन्ह मजकुरातलंच समजायचं. बाहेर पडताना ती रेघ पुसायला मात्र लोक विसरायचे. डिसोझांनी पत्ता बदलून फॉर्म पुन्हा सेव्ह केला, की आधीच्या रेघेलाही नवी रेघ. असं चार-पाचदा झालं की आडनावात अक्षरांपेक्षा रेघा जास्त. २०१२ मध्ये पीएचपी ५.४ आली तेव्हा ही जादू कायमची गुंडाळली गेली.

खरा इलाज कंटाळवाणा आहे, म्हणून त्याची जाहिरात कमी होते. आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवायचे. आधी आज्ञा जाते, तिच्यात 'इथे एक नाव येईल' अशी रिकामी जागा असते, आणि नाव मागाहून येतं. मग नावात अपॉस्ट्रॉफी असो, अर्धविराम असो की अख्खी आज्ञा असो, डेटाबेस त्याला नावच मानतो. डिसोझांवर बंदी घालायची गरज कधीच नव्हती.

कंपनीचं नाव काय म्हणालात?

२००७ साली 'एक्सकेसीडी' या वेब-कॉमिकमध्ये एक आई आली. तिनं मुलाचं नाव असं ठेवलेलं असतं की ते संगणकात भरताच शाळेच्या विद्यार्थ्यांचं टेबल उडतं. तेव्हापासून त्या मुलाचं 'बॉबी टेबल्स' हे टोपणनाव प्रोग्रामरांच्या जगात घरोघरी पोहोचलं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये कुणीतरी हा विनोद रीतसर नोंदवला. कंपनीच्या नावातच 'कंपन्यांचं टेबल उडवा' अशी आज्ञा आणि शेवटी शिस्तीत 'लिमिटेड'. नोंदणी कार्यालय तरलं.

२०२० मध्ये दुसऱ्या एका गृहस्थांनी कंपनीच्या नावात वेबपानावर चालणारा स्क्रिप्टचा कोड घातला. नोंदणी कार्यालयाचं पान धडधाकट राहिलं, तरी त्यांचीच माहिती घेऊन आपल्या पानावर दाखवणाऱ्या इतर वेबसाइटांवर तो कोड चालू शकला असता. म्हणून नाव बदलायला लावलं. नवं नाव पडलं ते, मराठीत सांगायचं तर, 'जिच्या नावात पूर्वी एचटीएमएल स्क्रिप्ट टॅग होते ती कंपनी लिमिटेड'. इंग्रजी बाराखडीत आणि पूर्ण कायदेशीर.

या गोष्टीतला धडा नोंदणी कार्यालयापेक्षा इतरांसाठी जास्त आहे. तोच मजकूर एका ठिकाणी निरुपद्रवी असतो आणि दुसऱ्या ठिकाणी सुरुंग ठरतो. दारात उभं राहून 'हा घातक, हा निर्दोष' असा निकाल एकदाच लावून मोकळं होता येत नाही. मजकूर जिथे दाखवायचा, तिथल्या नियमानं तो तिथे, त्या क्षणी बांधून द्यावा लागतो. कोनी कंस दाखवायचा असेल तर तो चित्रासारखा दाखवायचा, टॅग, म्हणजे वेबपानाला दिलेली सूचना, म्हणून चालू द्यायचा नाही. याला एस्केपिंग म्हणतात. ते आधीच एकदा करून ठेवलं आणि बाहेर पडताना पुन्हा केलं, की बातमीच्या मथळ्यात 'अँड'च्या चिन्हाच्या जागी 'ॲम्प' नावाचा आगंतुक दिसू लागतो. तो तुम्ही नक्की पाहिलेला असणार.

मध्ययुग हरवलं, एस्प्रेसो सापडला

साफसफाईच्या इतिहासातला माझा सर्वांत लाडका किस्सा याहू मेलचा. साधारण २००१ पासून याहूनं ईमेलमधून येणारा घातक कोड निकामी करायला एक सोपी पद्धत अवलंबली : कोडमध्ये वापरले जाणारे काही शब्द दिसले की त्यांच्या जागी तशाच अर्थाचे निरुपद्रवी शब्द घालायचे. 'इव्हॅल' दिसलं की 'रिव्ह्यू', 'एक्स्प्रेशन' दिसलं की 'स्टेटमेंट', आणि 'मोका' दिसलं की 'एस्प्रेसो'. शेवटची अदलाबदल सुचणारा माणूस कॉफीचा दर्दी असला पाहिजे.

घोटाळा असा, की फिल्टर शब्दाच्या पोटातही शिरायचा. मध्ययुगीन या अर्थाच्या 'मेडीव्हल' या इंग्रजी शब्दाची शेवटची चार अक्षरं ई, व्ही, ए, एल. झालं, युरोपचा मध्ययुगीन काळ 'मेडिरिव्ह्यू' झाला. ईमेलनं पाठवलेले लेख पुढे तसेच्या तसे चिकटवले गेले, आणि हा कधीही अस्तित्वात नसलेला काळखंड शेकडो वेबपानांवर नांदू लागला. २००२ मध्ये बोभाटा झाला, तोवर काही अभ्यासकांच्या मजकुरातही तो घुसलेला होता.

याच घराण्यातला थोरला भाऊ म्हणजे इंग्लंडमधलं स्कन्थॉर्प. १९९६ मध्ये तिथल्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट कंपनीचं खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या मधोमध एक असभ्य इंग्रजी शब्द दडलाय. गावकऱ्यांना हे फिल्टरनं सांगेपर्यंत बहुधा जाणवलंही नसेल. या दुखण्याला आजही 'स्कन्थॉर्प प्रॉब्लेम' असंच म्हणतात. २००८ मध्ये एका अमेरिकी वृत्तस्थळानं 'गे' हा शब्द आपोआप 'होमोसेक्शुअल' करायचा नियम लावला होता; त्या पानावर धावपटू टायसन गे यानं ऑलिंपिक निवड चाचणी 'टायसन होमोसेक्शुअल' या नावानं जिंकली.

सॅमीच्या वीस तासांतल्या दहा लाख ओळखी

सज्जनांना छळणाऱ्या, नकोशा शब्दांच्या या काळ्या याद्या चोरांना तरी अडवतात का? ४ ऑक्टोबर २००५ रोजी उत्तर मिळालं. मायस्पेस तेव्हा जगातली मोठी सोशल साइट. प्रोफाइल सजवायची मुभा होती, पण पानावर कोड चालवू शकणारा 'जावास्क्रिप्ट' हा शब्द ती शोधून काढून टाकायची. एकोणीस वर्षांच्या सॅमी कामकरनं काय केलं? 'जावा' लिहिलं, एंटर दाबलं, खालच्या ओळीवर 'स्क्रिप्ट' लिहिलं. फिल्टरला दोन वेगळे शब्द दिसले. काही ब्राउझर मात्र इतके समजूतदार की त्यांनी ते जोडून वाचले. अवतरणचिन्हं काढली जायची, तर त्यानं ती आकड्यांतून घडवली. आणखी एक शब्द अडत होता, तो दोन तुकड्यांत लिहून नंतर जोडला.

सॅमीचं प्रोफाइल जो बघेल, तो आपोआप त्याचा मित्र व्हायचा, त्याच्या पानावर 'सॅमी माझा हीरो' अशी ओळ उमटायची आणि तोच कोड तिथेही उतरायचा. सुमारे वीस तासांत दहा लाखांहून जास्त लोक सॅमीचे मित्र झाले आणि मायस्पेसला साइट बंद करावी लागली. पुढे न्यायालयानं त्याला प्रोबेशन आणि समाजसेवा सुनावली, संगणक वापरण्यावर बंधनंही घातली. आज तो नामवंत सुरक्षा-संशोधक आहे.

या प्रकाराला एक्सएसएस, म्हणजे क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, म्हणतात. खरं आद्याक्षर 'सी', पण सीएसएस हे नाव पानांच्या सजावटीच्या भाषेनं आधीच पटकावलं होतं, म्हणून 'क्रॉस'ची फुली करून 'एक्स' घेतलं. नाव ठेवतानाही नावाचीच अडचण.

श्री. शून्य यांना चलन

संगणकात 'नल' म्हणजे 'इथे काही भरलेलं नाही'. जोसेफ टार्टारो या अमेरिकी सुरक्षा-संशोधकानं कॅलिफोर्नियात गाडीला 'नल' अशी नंबरप्लेट घेतली. कॅमेऱ्यात नंबर टिपला तरी यंत्रणेला वाटेल की नंबर नाहीच, अशी मिस्कील आशा. घडलं उलटं. ज्या ज्या चलनांवर पोलिसांनी नंबर भरला नव्हता, ती सगळी त्याच्या नावावर जमू लागली. आकडा सुमारे १२ हजार डॉलरवर गेला. २०१९ मध्ये लास व्हेगसच्या डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत त्यानं हा सगळा तमाशा सांगितला. लॉस एंजेलिसच्या एका गृहस्थांनी १९७९ मध्येच हा मार्ग चोखाळला होता. आवडीच्या दोन नंबरप्लेट मिळाल्या नाहीत तर काय, या चौकटीत त्यांनी 'नो प्लेट' लिहिलं. त्यांना 'नो प्लेट' हीच प्लेट मिळाली आणि मागोमाग अडीच हजारांच्या आसपास नोटिसा.

आयर्लंडच्या पोलिसांना तर 'प्रावो याझ्दी' नावाचा एक अट्टल गुन्हेगार सापडत नव्हता. वाहतुकीचे पन्नासावर गुन्हे, प्रत्येक वेळी पत्ता वेगळा. शेवटी कुणीतरी पोलिश शब्दकोश उघडला. पोलंडच्या परवान्यावर वरच्या कोपऱ्यात छापलेल्या त्या दोन शब्दांचा अर्थ 'वाहन चालवण्याचा परवाना' असा होतो. नोबेलची नक्कल करणारं गमतीदार पारितोषिक, २००९ चं साहित्याचं इग नोबेल, आयरिश पोलिसांना मिळालं. मला विचाराल तर नावाच्या चौकटीला जगात कुठेही इतका सन्मान मिळालेला नाही.

अजय पास, विजय नापास

आता आपल्या अंगणात. बऱ्याच परदेशी फॉर्मांमध्ये नियम असतो की नावात फक्त अक्षरं चालतील. अक्षर कशाला म्हणायचं, हे युनिकोड हे सगळ्या लिप्यांसाठीचं प्रमाण ठरवतं. युनिकोडच्या लेखी 'क' हे अक्षर आहे, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्ह ही अक्षरं नव्हेत, 'चिन्हं' आहेत. त्यांचा वर्ग वेगळा. त्यामुळे 'फक्त अक्षरं' हा नियम शब्दशः लावला, की देवनागरीत अजय, उदय, कमल, मदन सुखरूप आत जातात. संजय अनुस्वारापायी बाहेर. विजय वेलांटीपायी बाहेर. सुनीता, प्रिया, ज्ञानेश्वर यांनी तर फॉर्मच्या वाटेला जाऊ नये. नियम लिहिणाऱ्याच्या मनात मराठी माणसाविषयी काहीही वाईट नसतं. 'चिन्हंही चालतील' हे एक जास्तीचं कलम त्याला ठाऊकच नसतं.

लांबीचंही असंच. 'ज्ञानेश्वर'मध्ये किती अक्षरं? पहिलीतलं मूल चार सांगेल. युनिकोड दहा मोजतं : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवायला लागतात तीस बाइट. 'नाव कमाल वीस' असं डेटाबेसनं म्हटलं तर वीस काय, हे आधी विचारून घ्यायचं. एसएमएसमध्ये इंग्रजीला १६० अक्षरं मिळतात आणि मराठीला ७०, तीही हलन्त-मात्रा धरून. कारण एका संदेशात जागा १४० बाइटांचीच. उलट टोकाला 'आडनाव किमान तीन अक्षरी हवं' म्हणणाऱ्या फॉर्मसमोर ओकांनी काय करावं?

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदपत्रांसाठी आईचं नावही येतं : आपलं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. 'फर्स्ट, मिडल, लास्ट' अशा तीन चौकटींत ही चार माणसं कशी बसवायची, हा प्रश्न त्या मुलांना परदेशी फॉर्म भरताना पडणार आहे. पॅट्रिक मॅकेन्झी या प्रोग्रामरनं २०१० मध्ये नावांविषयीच्या चाळीस गैरसमजांची यादी केली होती. ती आजही तितकीच हसवते. हवाईत एका बाईंचं आडनाव परवान्यावरच्या ३५ अक्षरांच्या जागेत मावेना. २०१३ मध्ये राज्यानं जागाच ४० ची केली. इथे पडताळणीनं माणसापुढे मान तुकवली, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसची गंमत आणखी वेगळी. त्याचा जुना 'यूटीएफ८' प्रकार एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट द्यायचा. देवनागरी काठावर पास, तिला तीनच लागतात. इमोजीला चार. कडक तपासणी बंद असली, की इमोजी आला तिथून पुढचा सगळा मजकूर मुकाट्यानं कापला जायचा. 'गणपती बाप्पा मोरया' लिहून हात जोडलेला इमोजी टाकला आणि पुढे 'पुढच्या वर्षी लवकर या' लिहिलं, तर बाप्पांना निमंत्रण पोहोचायचंच नाही. चार बाइटांचा प्रकार २०१० मध्ये आला.

सर्वांत नाजूक प्रकार न दिसणाऱ्या चिन्हांचा. संशयी फिल्टर अदृश्य चिन्हं सरसकट उडवतात, कारण चोरही ती वापरतात. पण 'दऱ्या'मधला अर्धा र अनेक जुन्या मजकुरांत एका अदृश्य जोडचिन्हाच्या जोरावर उभा असतो. ते काढलं की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. आणि लग्नघरातून आचाऱ्यांना धाडलेला निरोप आचार्यांना जातो.

ढ आणि झ यांच्या मधोमध

युनिकोडच्या आधी 'कृतिदेव'सारखे फाँट होते. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी चिन्हांचाच, फक्त दिसायला देवनागरी. कृतिदेवमध्ये अर्धा श म्हणजे अपॉस्ट्रॉफी. अर्धा ष म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह. य म्हणजे अर्धविराम. ढ म्हणजे उघडणारा कोनी कंस आणि झ म्हणजे बंद होणारा. सुरक्षेच्या पुस्तकातली जवळजवळ सगळी मोस्ट वॉन्टेड मंडळी आपल्या वर्णमालेत सभ्य नोकऱ्या करत होती.

वेबसाइटवरचे साफसफाई करणारे कोनी कंसातलं सगळं टॅग समजून उडवतात. म्हणजे कृतिदेवमध्ये 'ढोल वाजतो माझा' लिहिलं, की ढ पासून झ पर्यंत सगळं साफ, आणि मागे उरतो एकटा काना. 'शर्मा' हे आडनाव तर अपॉस्ट्रॉफीनंच सुरू होतं, त्यामुळे ते डिसोझांच्या रांगेत. या फाँटांचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे आजही डोकं धरून बसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

देवनागरीनं सूडही उगवला आहे म्हणा. २०१५ मध्ये एक ठरावीक संदेश आला की आयफोन बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. त्यात अरबी, चिनी यांच्या जोडीला देवनागरीतलं दीर्घ ॡ चं स्वरचिन्ह होतं. काही वर्णनांत त्याला 'मराठी अक्षर' म्हटलं गेलं. ते चिन्ह असलेला मराठी शब्द कुणी दाखवला तर त्याला माझ्याकडून चहा. २०१८ मध्ये आयफोन पुन्हा आडवा झाला तो तेलुगूतल्या 'ज्ञा' या जोडाक्षरानं. ज्ञानाचा पहिलाच वर्ण झेपेना.

पहारेकरीच आडवा

स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट २० जुलै २०१६ रोजी ३४ मिनिटं बंद पडली. हल्ला वगैरे काही नव्हता. एका मजकुरात ओळीनं सुमारे वीस हजार रिकाम्या जागा होत्या. ओळीच्या टोकाच्या रिकाम्या जागा छाटणारा साधा नियम त्या मोजू लागला. त्या ओळीच्या टोकाला नव्हत्याच, पण हे कळायला तो प्रत्येक जागेपासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. एकूण तपासण्या जवळपास वीस कोटी. पुढच्या काळात वेबसाइटांना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीनं याहून भव्य प्रयोग केला. २ जुलै २०१९ रोजी त्यांनी घातक मजकूर ओळखायचा एक नवा नियम जगभर लावला. तो नियम स्वतःतच इतका गुरफटला की सर्व्हरांचे प्रोसेसर शंभर टक्के व्यापले आणि २७ मिनिटं अनेक साइटी बंद. चोर आलाच नव्हता.

ईमेल पत्ता वैध आहे का, हे जुन्या प्रमाणानुसार तपासणारं पर्ल या भाषेतलं एक प्रसिद्ध सूत्र सहा हजारांहून जास्त चिन्हांचं आहे. एचटीएमएलच्या प्रमाणानं शेवटी सरळ कबूल केलं, की आम्ही ईमेलच्या मूळ नियमाचं जाणूनबुजून उल्लंघन करतोय. पत्ता खरा आहे का हे बघायचं असेल तर त्यावर एक मेल पाठवावा. बाकी सगळा पोपटपंचीचा मामला.

स्पॉटिफायचा किस्सा जाता जाता. २०१३ मध्ये उघड झालं, की तिथे युनिकोडमधली छोटी, वर चढवलेली अक्षरं वापरून 'बिगबर्ड' नावाचं खातं काढता येतं. सफाईचा नियम एकदा लावला की ती अक्षरं नेहमीची मोठी व्हायची, दुसऱ्यांदा लावला की बारकी. मधल्या फटीतून खऱ्या बिगबर्डचा पासवर्ड बदलता यायचा. हात दोनदा धुतल्यावर वेगळेच दिसू लागावेत, असा साबण काय कामाचा?

जिथे पडताळणी जमते

आकड्यांशी तिचं छान जमतं. आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून, डच गणितज्ञ फेरहूफ यांच्या पद्धतीनं काढलेला असतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर चूक हमखास पकडली जाते. क्रेडिट कार्डांवरची लून पद्धत त्याहून सोपी, पण ०९ चे ९० झाले तर तिला पत्ता लागत नाही. जीएसटी क्रमांकाच्या सुरुवातीला २७ असेल तर महाराष्ट्र, ३० असेल तर गोवा; पुढचे दहा म्हणजे पॅन. बँकेच्या आयएफएससीत पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं, आणि तिथे इंग्रजी 'ओ' दाबणारे महाभाग रोज भेटतात. नंबर साच्यातला आहे एवढंच हे सांगतं. तो तुमचाच आहे का, हे विचारायला दुसरा कुणी लागतो.

साधी मराठीही पुरे

जून २०२१ मध्ये कळलं, की टक्क्याची चिन्हं असलेल्या एका ठरावीक नावाच्या वायफायला जोडलं की आयफोनचं वायफायच बंद पडायचं. फोन बंद-चालू करूनही यायचं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा स्फोट झाला : माइनक्राफ्ट खेळताना चॅटमध्ये एक ओळ लिहायची, ती सर्व्हरच्या नोंदवहीत उतरायची आणि नोंदवही ती आज्ञा समजून पाळायची. धोक्याची पातळी दहापैकी दहा. हौशी लोकांनी आपल्या आयफोनचं नावच ती ओळ ठेवून गंमत पाहिली.

या सगळ्यांत निदान एखादं विचित्र चिन्ह तरी होतं. आता एआय चॅटबॉट आले आणि तेही उरलं नाही. त्यांना आज्ञा आणि मजकूर एकाच भाषेत, एकाच ओघात मिळतात. डेटाबेसला सापडलेली दोन वेगळ्या वाटांची सोय तिथे अजून नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सायमन विलिसन या प्रोग्रामरनं या दुखण्याचं 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' असं बारसं केलं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शेव्हर्ले डीलरच्या चॅटबॉटला कुणीतरी आधी पढवलं, की ग्राहक म्हणेल त्याला हो म्हण आणि हा पक्का सौदा आहे असंही म्हण. मग नवी कोरी टाहो गाडी एका डॉलरला मागितली. चॅटबॉटनं आनंदानं सौदा पक्का केला.

जुलै २०२५ मध्ये जपानच्या 'निक्केई' या दैनिकानं छापलं, की आठ देशांतल्या चौदा संस्थांशी संबंधित सतरा शोधनिबंधांमध्ये पांढऱ्या पानावर पांढऱ्या किंवा अगदी बारीक अक्षरांत एआय परीक्षकाला उद्देशून ओळी लपवल्या होत्या. मथितार्थ : फक्त कौतुक कर. एका लेखकानं चूक मान्य करून निबंध मागे घेण्याची तयारी दाखवली. टोकियोच्या वासेदा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी मात्र छाती पुढे काढून सांगितलं, की हा सापळा आहे. स्वतः निबंध न वाचता एआयकडून परीक्षण करून घेणारे आळशी परीक्षक त्यात अडकावेत म्हणून तो लावलाय.